फिलर वगळा, पण १०१ नको

मासवणहून एसटीने पालघर आणि पुढे लोकलने विरारकडे जाणाऱ्याच्या हाती दिवसाला दोन-तीन भाग येतात. एवढ्या वेळात २२० भागांची ‘नारुतो’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका संपवायची, तर निवड करावीच लागते.

मासाशी किशिमोतो यांची मूळ मंगा (जपानी चित्रकथा) चालू असतानाच मालिका सुरू झाली आणि तिला गाठू लागली. मग कथा पुढे सरकण्याची वाट पाहताना टीव्हीसाठी वेगळे भाग रचले गेले. हेच फिलर. १४३ ते २१९ हे सलग ७७ भाग असेच आहेत. सुरुवातीचे-शेवटचे गाणे सोडून भागाला २० मिनिटे धरली, तर सुमारे २६ तास वाचतात. १४२ नंतर थेट २२० पाहा. कथा तुटत नाही.

फिलरची यादी मात्र आंधळेपणाने पाळू नका. नारुतोचा गुरू काकाशी याच्या मुखवट्यामागचा चेहरा शोधणारा १०१वा भाग फिलरच आहे, तरी तो चुकवू नये. ‘वन पीस’ या दुसऱ्या अ‍ॅनिमेमधील १९६ ते २०६ हे जी-८ या नौदल तळावरचे फिलर भागही तसेच सुरेख.

वाटेत रेंज जाते, म्हणून भाग घरीच डाउनलोड करून ठेवा.