तळघरातील जुनी तेलटाकी

अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन, व्हरमाँट यांसारख्या राज्यांत हिवाळा दीर्घ व कडक असतो. तेथील पुष्कळ घरे आजही तेलाच्या भट्टीने उबदार ठेवली जातात. डिझेलच्या जातीचे हे तेल बहुधा तळघरातील पोलादी टाकीत साठवितात. सर्वसाधारण टाकी २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे १,०४० लिटरची असते. तेलवाहू मोटार रस्त्यावरच उभी राहते आणि चालक लांब नळी ओढीत आणून भिंतीबाहेर काढलेल्या नळाच्या तोंडाला जोडतो. टाकीतील हवा दुसऱ्या नळातून शीळ घालीत बाहेर पडू लागते. शीळ थांबली की टाकी भरली असे समजावयाचे. टाकी त्याच्या दृष्टीस पडतच नाही.

सरोवराकाठच्या हंगामी घरांत या टाकीची स्थिती अधिक नाजूक असते. मालक उन्हाळ्यापुरता येतो. एरवी टाकी अर्धवट रिकामी पडून राहते. आतील हवेतील बाष्प थंड पत्र्यावर साकळते, आणि ते पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते. गंज चढतो तो तेथे, आतून. बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. जानेवारीत पडलेले छिद्र जूनमध्ये ध्यानी येते, आणि तोवर तेल जमिनीत मुरलेले असते. ग्रामीण भागातील अशा अनेक घरांना पिण्याचे पाणी स्वतःच्याच विहिरीतून मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे या छिद्राचे गांभीर्य कळते.

म्हणून वापरात नसलेली टाकी काढून टाकणेच श्रेयस्कर. परंतु हे काम जाणकाराचे आहे, आणि अनेक ठिकाणी त्यासाठी अग्निशमन खात्याची परवानगी लागते. प्रथम उरलेले तेल पंपाने उपसतात. तरीही तळाशी काळा, चिकट गाळ राहतोच. पत्रा कापून तो हातांनी खरवडावा लागतो. टाकीत तेलाची वाफ कोंडलेली असू शकते, त्यामुळे कापण्यासाठी ज्योत वापरणे धोक्याचे, करवतच बरी. रिकाम्या टाकीचे वजनही शंभर किलोंहून अधिक भरते. तेव्हा तळघराच्या अरुंद जिन्यावरून ती तुकड्यांनीच वर न्यावी लागते. टाकी जमिनीत पुरलेली असल्यास भोवतालच्या मातीचीही तपासणी करावी लागते.

एवढे सारे करूनही भिंतीतील नळ तसाच राहिला, तर सर्वांत मोठा धोका कायम राहतो. टाकी काढलेल्या घरी चुकीच्या पत्त्यामुळे किंवा जुन्या नोंदीमुळे चालक येतो, ओळखीच्या तोंडाला नळी जोडतो, आणि शेकडो लिटर तेल थेट तळघराच्या जमिनीवर ओतले जाते. असे अपघात खरोखरच घडलेले आहेत. नळाला नुसते झाकण लावणे पुरेसे नाही, कारण झाकण उघडता येते. दोन्ही नळ उपटून भिंतीतील भोके सिमेंटने बुजवावीत आणि तेल पुरविणाऱ्याला तसे लेखी कळवावे.