दोन महिन्यांत न भरणारी तूट

सुरतेसमोरच्या अरबी समुद्रात ठिपकेदार पाकट मासा आढळतो. रुंद पर पंखांसारखे हलवीत तो घारीच्या डौलाने पोहतो, प्रसंगी पाण्याबाहेर उसळीही घेतो. वाळूत तोंड खुपसून तो शिंपले हुडकतो आणि सपाट दंतपट्ट्यांनी त्यांची कवचे भरडतो. अटलांटिक महासागरातील जातीहून आपली जात निराळी असल्याचे शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवून दिले.

या माशाची मादी अंडी घालीत नाही. सुमारे वर्षभर गर्भ वाहून ती मोजकीच पिले प्रसवते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते. लाखांनी अंडी घालणाऱ्या कोळंबीला ही उसंत उपयोगी पडते. पाकटाला ती कशी पुरावी? बंदी उठताच तळ खरवडणारी ट्रॉल जाळी पुन्हा फिरू लागतात.

म्हणून जाळ्यात जिवंत आलेला पाकट, शेपटीच्या विषारी काट्यापासून जपून, तांडेलांनी पाण्यात परत सोडावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. मत्स्यखात्यानेही सोडलेल्या माशाचा मोबदला देण्याचा विचार करावा. पोटावर पाय देऊन कोणाला निसर्गरक्षणाचे धडे देता येत नाहीत.