फालूनची तांब्याची खाण

स्वीडन देशांत, राजधानी स्टॉकहोमच्या वायव्येस, फालून नांवाचें एक शहर आहे. त्याच्या कडेला जमिनींत एक प्रचंड खळगा दिसतो. सुमारें तीनशें फूट खोल आणि हजार फुटांहून अधिक रुंद असा हा खळगा निसर्गाचा नव्हे. परंतु मनुष्यानें तो आंखून खणलेलाही नाहीं. त्याचें आजचें रूप एकाच दिवसांत घडलें. तो दिवस कसा उगवला हें कळल्यावांचून फालूनची खाण पाहण्यांत फारसा अर्थ नाहीं.

येथील तांबें सुमारें हजार वर्षांपूर्वींपासून काढलें जात होतें. १२८८ सालीं व्हेस्टेरोसच्या बिशपनें या खाणीचा एक-अष्टमांश हिस्सा परत मिळविला, त्याचा लेख अद्याप जपलेला आहे. सतराव्या शतकांत तर युरोपांतील सुमारें दोन-तृतीयांश तांबें एकट्या फालूनचें होतें. १६५० सालीं तीन हजार टनांचें उत्पन्न झालें. स्वीडनसारख्या विरळ वस्तीच्या राष्ट्रास मोठमोठीं युद्धें लढतां आलीं, तीं बऱ्याच अंशीं या तांब्याच्या बळावर.

त्या काळीं खडक फोडण्याची रीत मोठी कष्टाची होती. खडकाच्या पायथ्याशीं लांकडें रचून तीं पेटवावयाचीं. रात्रभर आंच लागून खडक तडकला म्हणजे दुसरे दिवशीं घण व पाचरी घेऊन तो सुटा करावयाचा. बोगद्यांत धूर कोंडे. १७३४ सालीं प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस खाणींत उतरला, तेव्हां त्याला काजळीनें माखलेले, अर्धनग्न आणि तोंडावर लोकरीचें फडकें धरलेले मजूर दिसले.

खाणीचे भागीदार पुष्कळ होते, आणि ज्याचें त्याचें लक्ष आपल्या वाट्याच्या खनिजावर. संपूर्ण डोंगराचा विचार करून आंखणी करणारें कोणी नव्हतें. दालनें रुंदावत गेलीं. मधल्या भिंती व आधाराचे खांब झिजत गेले. अखेर २५ जून १६८७ रोजीं खाणींतील मोठमोठ्या खड्ड्यांमधील भिंती आणि खालचे बोगदे एकदम ढासळले आणि तो एकच महाकाय खळगा झाला. एरवीं शेंकडों माणसें खालीं असावयाचीं. पण तो मिडसमर या उन्हाळी सणाचा काळ होता. खाणींत कोणी उतरलें नव्हतें, म्हणून एकही मनुष्य दगावला नाहीं. शहाणपणानें जें साधलें नाहीं तें सुट्टीनें साधलें.

सगळ्यांचेंच नशीब असें नव्हतें. १७१९ सालीं पाण्यानें भरलेल्या एका जुन्या भागांत एका तरुणाचें प्रेत सांपडलें. मोरचुदासारख्या क्षारांनीं तें असें टिकलें होतें कीं, तो नुकताच मेला असावा असें वाटे. ओळख मात्र कोणालाच पटेना. शेवटीं एक वृद्ध स्त्री पुढें आली. हा मॅट्स इस्रायलसन, १६७७ सालीं नाहींसा झालेला आपला वाग्दत्त वर, असें तिनें सांगितलें. बेचाळीस वर्षांत ती म्हातारी झाली होती. तो तरुणच राहिला होता. हेबेल व हॉफमन या जर्मन लेखकांनीं या घटनेवर कथा लिहिल्या. त्या बिचाऱ्या देहाला मात्र पुढें दीर्घकाळ प्रेक्षणीय वस्तु होऊन राहावें लागलें; त्याचें अखेरचें दफन १९३० सालीं झालें.

८ डिसेंबर १९९२ रोजीं खाणकाम बंद झालें आणि २००१ सालीं या परिसरास जागतिक वारशाचें स्थान मिळालें. आतां प्रवासी डोक्यावर शिरस्त्राण घालून, वाटाड्याबरोबर सुमारें २२० फूट खोल उतरतात. आंत बारमाही पांच-सहा अंश सेंटिग्रेड थंडी असते, म्हणून उन्हाळ्यांतही गरम कपडे बरोबर घ्यावे. वाट ओलसर असल्यामुळें भक्कम बूट हवेत. तेथें क्रॉइट्झ नांवाची २०८ मीटर खोल विहीर आहे. तिच्यांत वरपासून तळापर्यंत लांकडाची भिंत उभारलेली आहे.

वर आल्यावर नजर जाते ती तांबड्या लांकडी घरांकडे. स्वीडनभर दिसणारा हा गेरूसारखा रंग याच खाणीच्या टाकाऊ मातीपासून होतो. खनिज भाजतांना निघणाऱ्या गंधकाच्या धुरानें एके काळीं फालूनभोंवतींची झाडेंझुडपें जळून गेलीं होतीं. तोच डोंगर आतां घरांचें लांकूड कुजूं नये म्हणून रंग पुरवितो. प्रवाशानें तीं घरें अवश्य पाहावीं. परंतु त्याआधीं खळग्याच्या कांठाशीं घटकाभर उभें राहावें आणि त्या रिकाम्या राहिलेल्या सणाच्या दिवसाचें स्मरण करावें.