ओलावामापक यंत्रातील दाबनियंत्रक

पाण्याची पाळी केव्हा द्यावी हे ठरविण्यासाठी जमिनीतील ओलावा मोजणारी लहान विजेची यंत्रे आता द्राक्षबागांत व उसात बसविली जातात. त्यांतील पुष्कळशी एका लिथियम सेलवर चालतात. त्यांचा आकडा चुकला तर पीक ताणावर जाते. आकडा चुकण्याचे कारण दर वेळी मातीतच असते असे नाही. कित्येकदा ते पेटीतील तांदळाच्या दाण्याएवढ्या दाबनियंत्रकात असते.

लिथियम सेल पूर्ण भरला असता त्याचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट असतो व वापराबरोबर तो सुमारे ३ व्होल्टपर्यंत उतरतो. यंत्रास मात्र बहुधा ३.३ व्होल्टचा स्थिर दाब लागतो. तो राखणे हे नियंत्रकाचे काम होय. हौदातील पाणी पाटाहून पुरेसे उंच असेल तोवरच तोटी कमीअधिक उघडून प्रवाह सारखा ठेवता येतो. पातळी उतरली की तोटी पूर्ण उघडूनही पाणी कमीच येते. त्याचप्रमाणे नियंत्रकात येणारा दाब बाहेर द्यावयाच्या दाबाहून काही अधिक असावा लागतो. हा किमान फरक ज्यात थोडा असतो, त्या नियंत्रकास ‘एलडीओ’ म्हणतात.

जुन्या ७८०५ नियंत्रकास सुमारे २ व्होल्टचा फरक लागतो. एएमएस १११७ यास १ व्होल्टहून थोडा अधिक लागतो. म्हणजे नुकताच भरलेला सेलही त्यास अपुरा पडतो. विक्रेते त्यालाही एलडीओच म्हणतात, सबब नुसत्या नावावर विसंबू नये. शिवाय तो स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिॲम्पियर प्रवाह घेतो. २००० मिलिॲम्पियर-तासांचा सेल एवढ्यानेच सतरा दिवसांच्या आत रिकामा होतो! याउलट एमसीपी १७०० हा स्वतःसाठी साधारण १.६ मायक्रोॲम्पियर, म्हणजे वरील प्रवाहाच्या तीन हजारांशाहून कमी, घेतो; आणि २५० मिलिॲम्पियरच्या पूर्ण भारावरही त्यास सुमारे ०.१८ व्होल्टचाच फरक पुरतो. सेल ३.५ व्होल्टपर्यंत उतरेतो त्याचा दाब टिकतो.

दाब ढळल्यास आकडा कोणत्या बाजूस चुकतो, हे विशेष महत्त्वाचे आहे. प्रचलित धारकता-पद्धतीच्या संवेदकाचा दाब माती ओली होईल तसा कमी होतो. सेल उतरून नियंत्रकाचा दाब घसरला, की माती कोरडी असूनही संवेदकाचा दाब कमी भरतो. मोजणारा भाग स्वतंत्र, स्थिर दाबाशी तुलना करीत असल्यास यंत्र वाफसा नसतानाही ओलावा दाखवते आणि पाळी लांबते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्र बसविताना मल्टिमीटरने नियंत्रकाचा बाहेरचा दाब पाहावा; सेल ३.६ व्होल्टवर आल्यावर पुन्हा पाहावा. दोन्ही वेळा तो ३.३ च्या जवळ असला पाहिजे. नोंदवहीत ओलाव्यासोबत सेलचा दाबही लिहावा. नियंत्रकाच्या बाहेरील टोकाशी उत्पादकाने सांगितलेला कपॅसिटर असावा, अन्यथा दाब थरथरतो. एमसीपी १७०० यास ६ व्होल्टहून अधिक दाब चालत नाही. तो १२ व्होल्टच्या बॅटरीस जोडल्यास जळतो. शिवाय या जातीचे नियंत्रक वरचा दाब उष्णतेत घालवितात. १२ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट करताना तीन-चतुर्थांशाच्या आसपास शक्ती वाया जाते. तेथे स्विचिंग पद्धतीचा परिवर्तक घ्यावा.