वाकडी टीप चालेल, सैल टीप चालणार नाही



गोधडी आपल्याला नवी नाही. कुणी तिला वाकळ म्हणतं. जुनी लुगडी, धोतरं, सुती साड्या एकावर एक अंथरायच्या, चार जणींनी भोवती बसायचं आणि धावदोरा घालत जायचं, हे आपण आईकडून, सासूबाईंकडून शिकलो. आज बोलायचं आहे ते मशीनवरच्या गोधडीबद्दल. तीही सरळ टिपांची नाही. हातानं कापड फिरवत, वेलबुट्टी काढल्यासारखी घातलेली टीप. शहरात याला फ्री मोशन क्विल्टिंग म्हणतात. आमच्या गटात आम्ही त्याला 'मोकळी टीप' म्हणतो.

हा विषय घ्यायचं कारण वेगळं आहे. आम्ही गावोगावच्या बैठकांना जातो. गटानं मशीन घेतलेलं असतं, प्रशिक्षण झालेलं असतं, आणि मशीनवर कापड टाकून ते कोपऱ्यात उभं असतं. विचारलं तर उत्तर येतं, "माझा हात नाही वळत हो ताई, वाकडंतिकडं होतं." किती दिवस केलं, असं विचारलं तर दोन दिवस. पहिला तुकडा वाकडा आला म्हणून हे काम आपलं नाही, असं या बायका ठरवून टाकतात. मग गटात एक-दोघीच शिवतात, कमाई त्यांचीच होते, आणि हप्ता मात्र सगळ्या जणी भरतात. म्हणून पहिला तुकडा वाकडा का येतो आणि त्यातलं काय चालवून घ्यायचं, हे नीट समजून घेऊ या.

मोकळ्या टिपेत वेगळं काय असतं?

साध्या शिवणीत मशीनच्या सुईखाली लोखंडी दात असतात. ते कापड पुढे ओढतात. टाका केवढा पडायचा हे मशीन ठरवतं, आपण फक्त दिशा देतो. मोकळ्या टिपेत ते दात खाली घालायचे किंवा झाकायचे. मग कापड कुणीच ओढत नाही. पुढे, मागे, आडवं, गोल, जिकडे आपला हात नेईल तिकडे टीप जाते. म्हणजे टाका लहान की मोठा हे आता आपले हात आणि पाय मिळून ठरवतात. पाय भरभर आणि हात सावकाश चालले तर टाके बारीक पडतात. हात भरभर आणि पाय सावकाश चालले तर टाके लांब पडतात.

इथं एक गंमत आम्हाला दिसली. ज्या बायका ब्लाउज, परकर चांगले शिवतात, त्यांना सुरुवातीला हे जास्त अवघड जातं. मशीन कापड ओढील अशी त्यांच्या हाताला सवय असते, त्यामुळे हात थांबून राहतो आणि टाके एकाच जागी गोळा होतात. ज्यांनी मशीनला कधी हात लावला नाही पण रोज दारात रांगोळी घालतात, त्यांचा हात लवकर फिरतो. म्हणून 'मला शिवण येत नाही' हे कारण इथं चालत नाही.

मशीन कसं तयार करायचं?

आपलं काळं पायमशीन या कामाला चालतं. नवं, महागडं मशीन घेण्याची गरज नाही. आधी दातांमधला धुरळा ब्रशनं काढा, तेल द्या, तेल पुसून घ्या आणि सुई नवी घाला. तीन थरांच्या कापडाला 16 नंबरची सुई बरी. थर पातळ असतील तर 14 चालते.

मग दात. काही मशीनला दात खाली घालायचं बटण किंवा स्क्रू असतो. नसेल तर टाक्याची दांडी शून्यावर आणा. जाड पुठ्ठ्याचा गुळगुळीत तुकडा घ्या, सुई जाईल एवढं भोक पाडा आणि तो दातांवर चिकटपट्टीनं बसवा. काम होतं.

नेहमीचा फूट काढून डार्निंगचा फूट लावा. त्याला स्प्रिंग असते, तो सुईबरोबर वर-खाली होतो आणि कापड हलायला जागा देतो. मशीनचे भाग विकणाऱ्या दुकानात मिळतो. आपला जुना फूट बरोबर न्या, म्हणजे माप चुकणार नाही. काही जणी फूट न लावता, कापड गोल रिंगमध्ये ताणून टीप घालतात. भरतकाम करणारे असंच करतात. पण नवशिक्या बाईनं फूट लावूनच शिकावं. फूट नसला की सुई आणि बोट यांच्यामध्ये काहीच राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फूट खाली करायची मागची दांडी आठवणीनं खाली घ्या. डार्निंगचा फूट थोडा वरच राहतो, त्यामुळे दांडी खाली केली की नाही हे दिसत नाही. दांडी वर असेल तर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. पहिल्या दिवशी जाळं झालं तर आपला हात वाईट आहे असं समजू नका. आधी दांडी बघा.

कापड आणि सराव

सरावाला एक फूट लांब, एक फूट रुंद असा चौकोन घ्या. वर जुन्या सुती साडीचा तुकडा, मध्ये दोन घड्या, खाली अस्तर. कापड सुतीच घ्या. सिंथेटिक साडी घसरते, ती नंतर. तिन्ही थर एकमेकांवर हातानं सपाट करा आणि चार बोटांच्या अंतरावर कच्चा दोरा घालून घ्या. हे टाळलं की आत घड्या पडतात.

हातानं गोधडी घालताना काही जणी कडेपासून आत येतात. मशीनवर उलटं करा, मधून सुरू करून कडेकडे या. म्हणजे जादा कापड बाहेर सरकत जातं.

मशीनवर बसण्याआधी मुलांची पाटी घ्या. खडू न उचलता रेघ काढायचा सराव करा. आधी नागमोडी, मग एकाला एक जोडून 'ल ल ल ल', मग ओढ्यासारखी वळणं घेत सगळी पाटी भरायची, पण रेघेनं रेघेला शिवायचं नाही. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांनी रांगोळीतली वेल काढावी. सही करणाऱ्या बायकांसाठी आपलं नाव हा उत्तम सराव आहे. आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते, तिच्यावरून एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर दोरा न तोडता जाता येतं.

मशीनवर बसल्यावर चाक हातानं फिरवून एक टाका घ्या आणि खालचा दोरा वर ओढून काढा. दोन्ही दोरे धरून जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घाला, ही गाठ झाली. मग दोन्ही तळवे कापडावर सपाट ठेवा. सुईच्या दोन्ही बाजूंना, सुईपासून लांब. कापड ओढायचं नाही, सरकवायचं. नजर सुईवर नको, जिकडे जायचं आहे तिथे थोडी पुढे ठेवा. पायाची लय एकसारखी असू द्या, जात्यावर दळताना असते तशी. थांबायचं असेल तर सुई कापडात खाली ठेवून थांबा.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. एकाच दिवशी तीन तास बसलात तर खांदे भरून येतील आणि दुसऱ्या दिवशी मशीनकडे बघावंसं वाटणार नाही.

पहिला चौकोन कसा बघायचा?

आमच्या गटाचा एक नियम आहे. चौकोन झाला की आधी उलटी बाजू बघायची, मग सुलटी. सुलटी बाजू वाकडी दिसते आणि मन खट्टू होतं. पण गोधडी टिकणार की उसवणार, हे उलटी बाजू सांगते.

टाके कुठे बारीक, कुठे मोठे पडले? चालेल. गोलाला कोपरे आले? चालेल. रेघ रेघेवरून गेली, पान पानासारखं दिसत नाही? तेही चालेल. या सगळ्या हाताच्या गोष्टी आहेत. हात-पाय जुळले की त्या आपोआप कमी होतात. त्या उसवत बसू नका. उसवण्यात जो वेळ जातो, त्यात दुसरा चौकोन होतो, आणि हात त्यानं सुधारतो.

पण काही गोष्टी चालणार नाहीत. उलट्या बाजूला खालचा दोरा तारेसारखा सरळ पडला आहे, नखानं ओढला की निघून येतो, असं असेल तर ती टीप सैल आहे. वळणावर हात फार जोरात फिरला असेल किंवा वरच्या दोऱ्याला ताण कमी असेल. ताण थोडा वाढवा, वळणावर हात सावकाश न्या आणि तेवढा भाग पुन्हा घाला. टाके मध्येच सुटत असतील तर सुई बोथट झालेली असते किंवा नीट बसलेली नसते. सुई बदला. आत घडी अडकली असेल तर तेवढं उसवा, नाहीतर अंगाखाली टोचतं.

सुई मोडली तर मात्र काम लगेच थांबवा. कापड ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते. हे नवशिक्यांकडून होतंच, त्यासाठी कुणावर रागवू नये. पण मोडलेले तुकडे शोधून, एकमेकांना लावून, पूर्ण सुई जमते का हे बघितल्याशिवाय पुढे शिवायचं नाही. त्या गोधडीत उद्या कुणाचं तरी लेकरू झोपणार आहे. बाळाच्या दुपट्याला लांब, सैल टाकेही ठेवू नका, बोटं अडकतात.

थोडक्यात, वाकडी टीप चालेल, सैल टीप चालणार नाही. सुती गोधडी धुतल्यावर थोडी आटते, तिच्यावर बारीक चुण्या येतात आणि वाकडी टीप त्यात लपून जाते. सैल टीप मात्र त्याच धुण्यात उसवते.

गटानं काय करायचं?

पहिलं, मशीनची पाळी लावा. प्रत्येकीला सारखा वेळ. जिचा हात चांगला तीच बसली तर बाकीच्यांचा हात कधीच बसणार नाही.

दुसरं, सरावाचा दोरा, सुया आणि अस्तर यांचा खर्च वहीत 'शिकण्याचा खर्च' म्हणून वेगळा लिहा. तो कुणा एकीच्या नावावर टाकू नका. बऱ्याच बायका वाकड्या टिपेला भीत नाहीत, दोरा वाया गेला म्हणून कुणी बोलेल याला भितात. वहीत आधीच जागा केली की ही भीती जाते.

तिसरं, प्रत्येक चौकोनावर तारीख घाला आणि पहिला चौकोन फेकू नका. दहावा झाला की दोन्ही शेजारी ठेवून बघा. आमच्याकडे एक आजी आहेत, हातानं उत्तम गोधडी घालतात. मशीनवरचा त्यांचा पहिला चौकोन त्यांनी कमरेला खोचून लपवला होता. सहावा झाल्यावर त्यांनी स्वतःच दोन्ही काढून दाखवले आणि म्हणाल्या, "हा बघा, हा चालायला शिकताना पडला तो." सरावाच्या चौकोनांची आम्ही बसकरं केली, गरम पातेलं धरायची फडकी केली. बैठकीला आम्ही त्याच बसकरांवर बसतो.

चौथं, विक्रीची घाई नको. सलग चार-पाच चौकोन उलट्या बाजूनं पक्के आले की मग दुपटं करा. पहिलं दुपटं घरात वापरा, पाच-सहा वेळा धुवा, काय उसवतं ते बघा. मगच ऑर्डर घ्या. आणि गिऱ्हाइकाला खरं सांगा, ही मशीनवरची गोधडी आहे. हाताच्या गोधडीला जास्त दिवस लागतात, तिचा भाव वेगळा. मशीनची गोधडी हाताची म्हणून विकली तर ज्या बायका अजून हातानं घालतात, त्यांच्या पोटावर पाय येतो. भाव ठरवताना कापड आणि दोऱ्याबरोबर आपले तास मोजायला विसरू नका.

तायांनो, तुमच्या गटाचं मशीन कोपऱ्यात उभं असेल, तर येत्या बैठकीत त्याच्यावरचं कापड काढा. दोन दिवस करून जी थांबली, तिला आधी बसवा. आणि तिनं चौकोन पुढे केला की सगळ्यांनी मिळून आधी उलटी बाजू बघा.