मधुमेही पायाची जखम: मलमाच्या आधी भार उतरवा

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात पायाला जखम व्हायला फार निमित्त लागत नाही. वावरात पऱ्हाटीचं धसकट रुततं, संत्र्याच्या बागेत काटा मोडतो, जामसांवळीच्या हनुमानाच्या दर्शनाला अनवाणी निघालं की तळवा पोळतो. शुगर असलेल्याचा पाय अशाच छोट्या जखमेपायी कापावा लागू शकतो. मधुमेह्यांपैकी 19 ते 34 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होते, असा जागतिक अंदाज आहे.

गैरसमज: दुखत नाही, म्हणजे जखम साधी आहे.
वस्तुस्थिती: वाढलेल्या साखरेने नसा बधिर होतात, म्हणून दुखत नाही. घरीच तपासा. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच बोट टेकवा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे. डॉक्टरांना पाय दाखवा.

गैरसमज: हळद, चुना, तंबाखू किंवा राख भरली की जखम सुकते.
वस्तुस्थिती: वरून कवच धरतं आणि आत पू साचत राहतो. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं. जखम भरण्यासाठी मध वापरू नये, असं 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. जखम सलाइनने धुवावी.

गैरसमज: उघडी ठेवली की लवकर भरते.
वस्तुस्थिती: नवी कातडी कडेकडून ओलसर पृष्ठभागावर सरकत येते, कोरडी खपली तिची वाट अडवते. पाणी सुटत असेल तर ते शोषणारी पट्टी, कोरडी असेल तर जेल, ही निवड डॉक्टरांची. कडेचा घट्टा आणि मेलेलं मांसही त्यांनीच काढावं, घरच्या ब्लेडने नव्हे.

गैरसमज: महागडी चांदीची पट्टी लावली की काम झालं.
वस्तुस्थिती: केवळ जखम भरावी म्हणून चांदीची पट्टी वापरण्याची शिफारसही 2023 च्या त्याच सूचना करत नाहीत. खरी अडचण भाराची आहे: तळव्याच्या जखमेवर प्रत्येक पावलाला अंगाचा भार पडतो आणि भरत आलेलं मांस पुन्हा चिरडतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांत हेच दाखवून दिलं. म्हणून तळव्याच्या जखमेसाठी काढता न येणारं, गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर किंवा बूट हा पहिला उपाय मानतात. आधी जंतुसंसर्ग आणि रक्तपुरवठा मात्र तपासावा लागतो.

चार आठवड्यांत जखम निम्मीही झाली नाही, तर मलम बदलत बसू नका. नागपूरला जाऊन पायाचा रक्तपुरवठा पुन्हा तपासून घ्या. लाली पसरली, सूज आली, वास सुटला, ताप भरला किंवा बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि आज रात्री पाय धुतल्यावर घरातल्या शुगरवाल्या माणसाचा तळवा उजेडात नीट बघा.