जुना जेसीबी घेताय? आधी तापवा, मग बोला

शेततळी, विहिरीची माती आणि 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ची कामं... उन्हाळ्यात कळंब-तुळजापूरकडे जेसीबीला दम खायला वेळ नसतो. म्हणून बरेच जण हप्त्यावर जुनी मशीन उचलतात. पण सकाळी थंड मशीन बघून सौदा करू नका. ट्रान्समिशनचं दुखणं बऱ्याचदा तेल तापल्यावरच बाहेर येतं.

तास-दीड तास काम करायला लावा, मग चढावर पुढे-मागे घ्या. इंजिन ओरडतंय पण मशीन उशिरा हलतेय? ट्रान्समिशन ऑइलची पातळी बघा. पातळी बरोबर आणि तेलाला जळका वास, म्हणजे आतल्या क्लच प्लेटा गेल्याची दाट शंका. हे काम महाग! तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

उलट, लोड आल्यावर इंजिनच दबून बंद पडत असेल तर आधी डिझेलकडे वळा. चोंदलेला फिल्टर, टाकीत पाणी, नाहीतर ढिल्या पाइपातून ओढली जाणारी हवा. रानात कॅनमधून डिझेल भरलं की कचरा जातोच की! पाइप घट्ट करा, फिल्टर बदला, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा.

मालक म्हणेल, “काही नाही हो, एअर धरलीय.” मग त्याच्यासमोरच एअर काढा आणि तापलेली मशीन परत चढावर घाला.